ठासणीच्या रायफलीसाठी दारू निवडताना: पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन की ब्लॅकहॉर्न २०९?

ठासणीची रायफल, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी भरायची रायफल, घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा वेगाचा असतो: कोणत्या दारूने गोळी सर्वांत जोरात जाते? हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी पाहायचे ते बार पेटतो कशाने, आणि मग, बार काढल्यावर नळी तुम्ही किती तासांत धुणार. या दोन उत्तरांतच दुकानातल्या फळीवरचे बरेचसे डबे बाद होतात.

आधी पेटवण

खरी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात. ती ठिणगीने पेटते. पर्यायी दारू, म्हणजे काळीऐवजी वापरायच्या वरच्या तिन्ही, पेटायला जास्त उष्णता लागते. साठवणीला आणि वाहतुकीला ती सोपी मानली जाते ती याच गुणामुळे, आणि बंदुकीत दगा देते तीही याच गुणामुळे.

चकमकीची रायफल (फ्लिंटलॉक) असेल तर तुलना इथेच संपते: काळी दारूच घ्या. पॅनमध्ये, म्हणजे नळीबाहेरच्या पेटवणीच्या वाटीत, बारीक ४एफ, नळीत २एफ किंवा ३एफ (एफचा आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक). पॅनमधली झळ बाजूच्या बारीक भोकातून आत पोहोचते तेव्हा तिच्यात पर्यायी दारू भरवशाने पेटवण्याइतका जोर नसतो. पॅन पेटते, नळी गप्प राहते. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात नाताळनंतरच्या फ्लिंटलॉक शिकारीच्या हंगामात उतरणाऱ्याने पर्यायी दारूवर पैसे घालवू नयेत.

बाजूला घोडा आणि ११ नंबरची कॅप (घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी टोपी) असलेल्या रायफलीत पायरोडेक्स आरएस किंवा ट्रिपल सेव्हन चालते, पण ज्वाळेला कॅपपासून दारूपर्यंत काटकोनात वळावे लागते. त्यामुळे निपल (कॅप बसते ते पोकळ टोक) स्वच्छ हवे आणि कॅप तेज हवी. तरीही बार अधूनमधून उशिरा जात असेल तर मस्केट कॅपचे निपल बसवून पाहा. तिची ज्वाळा बरीच मोठी असते. ब्लॅकहॉर्न या रायफलींसाठी नाहीच.

२०९ शॉटगन प्रायमरवर चालणाऱ्या, मागून बंद असलेल्या इनलाइन (प्रायमर दारूच्या सरळ मागे बसणाऱ्या) रायफलीला मात्र तिन्ही मोकळे आहेत. खरी निवड तिथेच करायची असते.

माप: घनफळ आणि वजन

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. पर्यायी दारूची भरणी घनफळाने सांगतात. ग्रेन हे वजनाचे छोटे एकक; मापनळीवरचा १०० ग्रेनचा आकडा म्हणजे तेवढ्या जागेत काळी दारू साधारण १०० ग्रेन मावते, इतकाच अर्थ. त्याच जागेत ब्लॅकहॉर्न ७० ग्रेन वजनाची भरते. पायरोडेक्सही काळ्या दारूपेक्षा स्पष्टच हलकी असते. कोणी तराजूवर १०० ग्रेन ब्लॅकहॉर्न तोलून नळीत ओतली, तर ती मापाच्या हिशेबात १४० च्याही पुढे जाते, आणि या दारूची कमाल मर्यादा मापाने १२० म्हणजे वजनाने ८४ ग्रेन आहे. तराजू वापरायचाच असेल तर मापाचा आकडा ०.७ ने गुणा, आणि हा गुणक फक्त ब्लॅकहॉर्नसाठीच ठेवा.

ट्रिपल सेव्हनची गोष्ट निराळी. ती त्याच मापात काळ्या दारूपेक्षा सुमारे १५ टक्के जोरदार आहे. काळ्या दारूच्या १०० ग्रेनवर नेम बसवलेला असेल तर हिच्या ८५ पासून सुरुवात करा. रायफलीची पुस्तिका एक कमाल सांगते, डबा दुसरी. जी कमी असेल ती पाळा.

पायरोडेक्स

हॉजडन कंपनीची ही दारू १९७० च्या दशकापासून बाजारात आहे. तिच्यात सोरा, कोळसा आणि गंधक आहेतच, शिवाय पोटॅशियम परक्लोरेटही आहे. रायफलीला आरएस किंवा सिलेक्ट घ्या. पी ही बारीक दाण्याची जात पिस्तुलांसाठी आणि लहान कॅलिबरसाठी. एका पौंडात ७,००० ग्रेन वजन भरते आणि दारू हलकी, त्यामुळे मापाने १०० ग्रेनचे नव्वदच्या आसपास बार निघतात. स्वस्त पडते, जवळपास कुठेही मिळते आणि वागणुकीत काळ्या दारूच्या सर्वांत जवळची आहे.

किंमत मोजावी लागते ती गंजाने. परक्लोरेट जळून मागे क्लोराइड राहते, ते हवेतला ओलावा ओढते आणि पोलाद खाऊ लागते. ‘उद्या सकाळी धुऊ’ म्हणणाऱ्याची नळी दमट हवेत एका रात्रीत तांबूस होऊ शकते. त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण, मग कोरड्या चिंध्या, मग तेल. नुसते तेल फासून क्षार जात नाहीत, ते तेलाखाली दडतात. निपल किंवा ब्रीच प्लग (नळीच्या मागच्या टोकाचे बूच) काढून त्याचे आटेही धुवा. पुढच्या हंगामात प्लग न निघण्याची तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

ट्रिपल सेव्हन

हीसुद्धा हॉजडनचीच, पण गंधकाविना. कुजक्या अंड्याचा तो वास येत नाही आणि घाण साध्या पाण्याने सुटते. म्हणून धुणे सोपे आहे. टाळता येण्याजोगे नाही.

तिचा दोष प्रसिद्ध आहे. २०९ प्रायमरसोबत वापरली की पहिल्या बारानंतर, गोळीचा तळ जिथे टेकतो त्याच्या आसपास काचेसारखे कडक कडे जमते. दुसरी गोळी त्या कड्यावर अडते. ठासणाऱ्याला वाटते बसली, प्रत्यक्षात दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिलेली असते. अशा पोकळीने नळी फुगते, फुटूही शकते. म्हणून गोळी दारूवर पूर्ण टेकलेली असताना ठासण्याच्या गजावर नळीच्या तोंडाशी खूण करून ठेवा आणि प्रत्येक बाराला ती खूण तपासा. भरणी बदलली की खूणही बदला.

कडे टाळायला दोन उपाय एकत्र करायचे. एक, या दारूसाठीच काढलेला सौम्य २०९ प्रायमर वापरा. दोन, प्रत्येक बारानंतर ओलसर पॅच (कापडाचा तुकडा) एकदा आत-बाहेर आणि त्यामागून एक कोरडा. पॅच ठिबकता नको. पाणी ब्रीचमध्ये उतरले तर पुढचा बार फुसका. ठासतानाही जोर बेताचा आणि दरवेळी तेवढाच ठेवा, गजाने कुटू नका. डबा उघडल्यावर तिलाही ओल लागते, गुठळ्या होतात. तशी दारू भरू नये.

ब्लॅकहॉर्न २०९

मोंटानातल्या वेस्टर्न पावडर्सने ही २००८ मध्ये आणली. २०२० पासून ती हॉजडनकडे आहे. ती नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली आहे, ओलावा धरत नाही आणि तिची राख गंजवत नाही. मधे नळी न पुसता बार मागून बार काढता येतात. रानात दुसरी गोळी पटकन भरायची असेल तर याला तोड नाही. डबा मात्र १० औंसांचा, किमतीने चढा, आणि १०० च्या मापाने त्यात साधारण ६२ बार.

तिला तीन गोष्टी हव्यातच. प्रायमर पूर्ण ताकदीचा शॉटगन प्रायमर हवा, उदाहरणार्थ सीसीआय २०९एम किंवा फेडरल २०९ए. ट्रिपल सेव्हनसाठी चांगला ठरलेला सौम्य प्रायमर इथे नेमका नडतो. गोळी घट्ट हवी, कारण नीट जळायला या दारूला दाब लागतो. सॅबोतली (प्लास्टिकच्या वेष्टनातली) गोळी योग्य, सैल शिशाची नाही, पॅचमधली गोल गोळीही नाही. आणि ब्रीच प्लगमधली ज्वाळेची वाट मोकळी हवी. तिथे काजळी कडक होऊन साचते, ती कोणत्याही द्रावणाने लवकर सुटत नाही. दर सफाईत १/८ इंचाचा ड्रिल बिट बोटांनी फिरवून ती खरवडा. यंत्राला लावू नका. ‘ब्लॅकहॉर्न उशिरा पेटते’ ही तक्रार ऐकली की पहिला संशय या वाटेवरच घ्यावा.

धुताना पाणी-साबण नव्हे, आधुनिक रायफलीचे सॉल्व्हंट वापरायचे. यावरून साधी धूरविरहित दारूही ठासणीच्या बंदुकीत चालेल असा अर्थ काढू नका. ब्लॅकहॉर्न मापाने भरण्यासाठीच बनवली आहे. काडतुसातली दारू त्याच मापाने भरली तर रायफल हातात फुटेल.

गोळ्या की सुटी?

इथे गोळ्या म्हणजे दारूच्या वड्या, बहुधा ५० ग्रेनच्या. दोन टाकल्या की १०० झाले; थंडीत, हातमोजे घालून हे सोयीचे पडते. पायरोडेक्सच्या वडीचे एक टोक काळसर असते, त्यावर पेट घेणारा थर असतो. ते टोक ब्रीचकडे जायला हवे. उलटी पडली तर बार चुकतो. ट्रिपल सेव्हनची वडी कशीही टाका. खिशात तुटलेली, कोपरे झडलेली वडी भरू नये, कारण वजन गेले की नेम गेला. वड्यांचे ठरावीक टप्पे सोडून बारीक फेरफार करता येत नाही, ही मोठी अडचण; ८५ वर उत्तम बसणारी रायफल वड्यांवर कधीच तशी बसणार नाही. शिवाय कोलोरॅडोसारख्या राज्यात ठासणीच्या हंगामात वड्यांना आणि सॅबोलाही बंदी आहे. दारू घेण्याआधी आपल्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा.

आणि काळी दारू?

अमेरिकेच्या संघीय नियमांत ती स्फोटक आहे. खेळासाठी, जुन्या धाटणीच्या बंदुकीत वापरायला ५० पौंडांपर्यंत सूट आहे, पण साठवणीच्या जाचामुळे अनेक दुकाने ती ठेवत नाहीत. २०२१ मध्ये हॉजडनने गोएक्स या काळ्या दारूचा कारखाना बंद केला तेव्हा तुटवड्याची धास्ती पसरली. २०२२ मध्ये एस्टेस कंपनीने तो विकत घेतला. कॅपच्या रायफलीत पर्यायी दारू सतत दगा देत असेल तर थोडी शोधाशोध करून हीच घ्यावी, असे आमचे मत.

बार गेला नाही तर

कोणतीही दारू असो, भरण्याआधी कोरडा पॅच फिरवा आणि एक-दोन कॅप किंवा प्रायमर रिकामे उडवा, म्हणजे ब्रीचमधले तेल जळते. थंडीत रायफल उबदार खोलीत आणली की आत दव धरते. ती प्रायमर काढून बाहेरच सुरक्षित ठेवावी. बार गेला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून किमान दोन मिनिटे थांबा, मगच नवा प्रायमर लावा. दारू नळीत ओतायची ती नेहमी मापातून, डब्यातून किंवा फ्लास्कमधून थेट कधीही नाही. आत निखारा राहिला असेल तर भडका मापापुरता राहील, डब्याचा होणार नाही.