कथालेखनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक: काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठीत कथा-कादंबरी लिहिणारे बरेच जण रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलक वापरतात. बातमी किंवा पत्र लिहायला तो पुरतो. कथेत पात्रं बोलायला लागली की मात्र तो आडवा येतो. वर्सोव्याची कोळीण किंवा लालबागचा मालवणी म्हातारा बोलतो ते शब्द सुचवणीच्या यादीत नसतात; ‘इलंय’, ‘व्हतं’ असं काही लिहिलं की कळफलक त्याला ओळखीचा शब्द तिथे बसवतो. लक्ष गेलं नाही तर तो तसाच छापून येतो. इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कळफलक; त्यावर जी कळ दाबाल तेच अक्षर उमटतं. बोली लिहिणाऱ्याने तो शिकायला हेच एक कारण पुरेसं आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

मांडणीत तर्क आहे. डाव्या हाताला काना-मात्रा-वेलांट्या, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. शिफ्ट धरली की क चा ख, त चा थ, ब चा भ होतो. मात्रेच्या कळीवर शिफ्टने पूर्ण स्वर येतो. जोडाक्षरासाठी मध्ये हलन्त, म्हणजे पाय मोडण्याचं चिन्ह; तो डी या कळीवर. रोज अर्धा तास दिलात तर दोन-तीन आठवड्यांत बोटं बसतात. कळांवर स्टिकर लावू नका, नजर खालीच राहते. मांडणीचा तक्ता छापून स्क्रीनच्या वर चिकटवा. या काळात नवी कथा सुरू करू नये. जुनं हस्तलिखित उतरवून काढावं. अक्षर शोधण्यात वाक्य हरवतं, आणि कथेचं पहिलं पान तसं लिहिलं जाऊ नये.

खरा फायदा ‘ऱ’चा. समुद्रावरच्या कथेत ‘दर्या’ लागतो आणि घाटावरच्या कथेत ‘दऱ्या’. पहिल्यासाठी द, र, हलन्त, य, काना. दुसऱ्यासाठी द, मग शिफ्ट धरून र, म्हणजे ऱ, मग हलन्त, य, काना. काही फोनेटिक साधनं हेच रूप साध्या र ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावून बनवतात. डोळ्याला दोन्ही सारखे. पण एकाच फाइलमध्ये दोन्ही प्रकार मिसळले की शोधून बदलताना निम्मे शब्द निसटतात. ‘ॲ’चंही तसंच. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत आले. पण अ वर अर्धचंद्र चढवून केलेला ॲ आणि एकाच संकेतांकाचा, म्हणजे संगणकात एकच अक्षर म्हणून नोंदलेला, ॲ संगणकाला वेगळे वाटतात. शेवटी एकदा सगळ्या फाइलमध्ये बदल करून एकच रूप ठेवा.

आता तोटे, आणि ते कथाकारालाच जास्त जाचतात. अवतरणचिन्हांच्या कळेवर ट आणि ठ बसले आहेत, त्यामुळे प्रत्येक संवादाला इंग्रजी कळफलकावर उडी मारावी लागते. संवादाचा वेग यात मरतो. यावर उपाय असा: लिहिताना संवाद ((असा)) दुहेरी कंसात टाकायचा. मसुदा संपला की उघडणाऱ्या कंसांच्या जागी “ आणि बंद होणाऱ्यांच्या जागी ” एकदाच बदलायचं. दोन्ही चिन्हं वेगळी असल्यामुळे अवतरणाची दिशा चुकत नाही.

अपूर्णविरामाच्या (:) कळेवर छ आहे. त्यामुळे ‘ती म्हणाली’च्या पुढे अनेक जण त्याच्यासारखाच दिसणारा विसर्ग टाकतात. मध्ये जागा सोडली असेल तर त्या विसर्गाला तुटक रेषांचं वर्तुळ लागलेलं दिसतं आणि संपादकाला पहिल्याच पानावर आळस दिसतो. तिथे स्वल्पविराम चालतो, तोच वापरावा.

अनुस्वार एक्सवर आणि एकमात्रा एसवर, त्यामुळे ‘केलं’ की ‘केले’ हा निर्णय प्रत्येक वेळी तुमचाच असतो. हे फार चांगलं आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांपैकी चौदा १९६२मध्ये मान्य झाले, आणखी चार १९७२मध्ये. संवादात ‘केलं’ त्या नियमांनाही चालतं. निवेदन कोणत्या रूपात, हे मात्र पहिल्या परिच्छेदातच ठरवा. पाचव्या पानावर रूप बदललं की निवेदकच बदलल्यासारखा वाटतो.

पाठवण्याबद्दल. दिवाळी अंकांची परंपरा मुंबईच्या ‘मनोरंजन’ने १९०९मध्ये सुरू केली; आजही नव्या कथाकाराला पहिलं दार बहुधा तेच. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून कथा आषाढाच्या आसपास तयार हवी. शब्दमर्यादा आधी विचारा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतांत, द्या, सोबत पीडीएफ जोडा, म्हणजे मूळ शब्द कसा होता ते पडताळता येतं.

गडबड होते ती अक्षरजुळणीत. अनेक ठिकाणी अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर रूपांतरित करतात. त्यात ऱ्य, ऱ्ह, ॲ आणि वळणदार अवतरणं सर्वांत आधी तुटतात. म्हणून पूर्ण संहितेआधी एक चाचणी ओळ पाठवा: “कुऱ्हाड, दऱ्या, दर्या, ॲसिड, क्षण, दुःख.” तिचं रूपांतर करून छापलेलं पान मागवा. त्यात काय तुटलं ते कळलं की मुद्रित तपासताना आधी तीच अक्षरं शोधा, कथा नंतर वाचा. कथा वाचायला लागलात की डोळा मनातलं अक्षर वाचतो आणि तुटलेलं सुटून जातं.