साम्रदचा घरगुती मुक्काम : गटसहलीविना सांदण आणि रतनगड

तीन वर्षांपूर्वी मी भंडारदऱ्याजवळची सांदण दरी पहिल्यांदा पाहिली ती एका गटसहलीतून. त्या आयोजकांचे नाव इथे घेण्याची गरज नाही, कारण त्यांनी फसवणूक केली नव्हती. जे सांगितले होते ते सगळे दिले. पण आम्ही पंचेचाळीस जण होतो, दरीतल्या पहिल्या डोहापाशी पाऊण तास रांगेत उभे राहिलो आणि पाणी ओलांडून पुढे जातो न जातो तोच परतीची शिट्टी वाजली. एवढ्या दूर येऊन दरी पाहिली ती पुढच्या माणसाच्या पाठपिशवीच्या वरून, ही रुखरुख मनात राहिली. यंदाच्या जानेवारीत मी, माझी धाकटी बहीण, तिचे यजमान आणि कॉलेजात शिकणारा भाचा असे चौघे जण कोणत्याही सहलीत नाव न नोंदवता एसटीने निघालो, साम्रद गावात एका घरी राहिलो आणि त्याच घरच्या वाटाड्याबरोबर दोन दिवस हिंडलो. हे परीक्षण त्या घराचे आणि त्या वाटाड्याच्या सेवेचे आहे. घराला पाटी नाही आणि त्यांची जाहिरातही नाही, म्हणून त्यांना मावशी आणि दादा एवढेच म्हणते.

फोन नंबर भाच्याच्या मित्राकडून मिळाला होता. मी आधी दर विचारला, तर मावशींनी दर सांगण्यापूर्वी मलाच तीन प्रश्न विचारले : बायका किती आहेत, पाण्याला कोणी भिते का, आणि भाकरी नाचणीची चालेल की तांदळाची हवी. गटसहलीच्या अर्जात माझा रक्तगट विचारला होता, भाकरीचे कोणी विचारले नव्हते. दर ठरला माणशी सातशे रुपये. त्यात संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण, झोपण्याची सोय, सकाळचा चहा आणि पोहे आले. पहिल्या दिवशी दुपारचे जेवण हवे असल्यास माणशी दीडशे रुपये वेगळे, आणि दादांची वाटाड्या म्हणून दोन दिवसांची मजुरी दीड हजार रुपये.

जाण्याची आखणी आमची आम्हीच केली आणि ती वाटली होती तितकी अवघड नव्हती. शनिवारी पहाटे नाशिकच्या महामार्ग बसस्थानकावरून एसटीने घोटी, घोटीहून जीपने भंडारदऱ्याजवळचे शेंडी आणि शेंडीहून धरणाच्या पाण्याला वळसा घालून साम्रद. नाशिक ते भंडारदरा हे अंतर सुमारे ७० किलोमीटर आहे आणि शेंडीपर्यंत वाहनांची वानवा नाही. खरी अडचण शेंडीच्या पुढे येते. तिथून साम्रदकडे जाणारे वाहन हवे तेव्हा मिळेल याची खात्री नसल्याने पूर्ण जीप ठरवावी लागते. आम्ही ती आदल्या दिवशीच मावशींच्या ओळखीने नऊशे रुपयांत ठरवली होती, त्यामुळे शेंडीच्या नाक्यावर घासाघीस करण्यात वेळ गेला नाही. एसटीत मला आणि बहिणीला अर्धे तिकीट लागले. मार्च २०२३ पासून महिलांना ही सवलत आहे, तरी सहलीचा खर्च मांडताना ती हिशेबात धरणारे फार थोडे लोक मला भेटले आहेत.

साडेदहाला आम्ही साम्रदला पोहोचलो, वनविभागाचे प्रवेशशुल्क भरले (हा सारा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो) आणि लगेच दरीकडे निघालो. लवकर निघण्याचा आग्रह दादांचा होता. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गटांच्या गाड्या रात्रभर प्रवास करून येतात, ती मंडळी सकाळी लवकर दरीत उतरतात आणि अकराच्या सुमारास परत वर येऊ लागतात, म्हणून अकरा ते तीन ही वेळ मोकळी सापडते. ते खरे ठरले. चिंचोळ्या वाटेवर परतणारे दोन गट आम्हाला भेटले आणि त्यानंतर तास-दीड तास दरीत आम्ही पाच माणसेच होतो.

सांदणचे वर्णन अनेकांनी केले आहे, मी थोडक्यात सांगते. सह्याद्रीच्या काळ्या कातळाला पडलेली ही सुमारे दोन किलोमीटर लांबीची भेग आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती दोनशे-तीनशे फूट उंच आणि तळ काही ठिकाणी इतका अरुंद, की भर दुपारीही ऊन खालपर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात भोवतालच्या पठारावरचे सगळे पाणी याच भेगेतून धावते, म्हणून त्या दिवसांत इथे उतरण्याचा विचारही करू नये. जानेवारीत पहिल्या डोहात पाणी मांडीपर्यंत होते आणि दुसऱ्यात बहिणीच्या छातीपर्यंत. दादा प्रत्येक डोहात आधी एकटे उतरले. हातातल्या काठीने तळ चाचपत पलीकडे गेले, परत आले, काठीवर पाण्याची ओली खूण कुठवर आली ते बहिणीला तिच्या अंगाशी धरून दाखवले आणि मगच तिला पाण्यात पाऊल टाकू दिले. पाण्याला भिणारी तीच आहे, हे त्यांना मावशींनी फोनवरच्या बोलण्यावरून सांगितले होते. गारठलेल्या पाण्यातून ती पलीकडे गेली तेव्हा घाई करणारे कोणी मागे उभे नव्हते. माझ्या दृष्टीने या संपूर्ण सेवेचे मोल इथेच वसूल झाले.

पुढे दरी खोल उतरत जाते आणि एका टप्प्यावर कातळाचा कडा येतो, तिथून दोराशिवाय खाली जाता येत नाही. भाच्याला पुढे जायचे होते. शेजारच्या खडकावरून उतरता येईल असे त्याला वाटत होते आणि त्यासाठी दादांना जास्तीचे पैसे देण्याचीही त्याची तयारी होती. दादांनी आवाज चढवला नाही, पण ते कड्याकडे पाठ करून वाटेतच बसले आणि म्हणाले, “दोर नाही, तर पुढं नाही. उद्या गड दाखवतो, पाय दुखस्तोवर.” स्वतंत्र सहल आखणाऱ्या प्रत्येकाने हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा, असे मला मनापासून वाटते. खालच्या डेहणे गावाच्या बाजूला पूर्ण दरी उतरून जायची असेल तर दोर, हेल्मेट, हार्नेस आणि ते हाताळण्याचे शिक्षण घेतलेली माणसे हवीत. ते काम अनुभवी गिर्यारोहण संस्थेबरोबरच करावे आणि त्यासाठी लागतील ते पैसे मोजावेत. खर्च वाचवायचा तो प्रवासात, मुक्कामात, सामानात वाचवावा.

आता घराविषयी. शेणाने सारवलेली पडवी, आत दोन खोल्या आणि पाहुण्यांसाठी मागे पत्र्याची एक मोठी खोली असे हे घर आहे. गाद्या पातळ असल्या तरी स्वच्छ होत्या आणि पांघरुणे मागावी लागली नाहीत. आम्ही नाशिकहून भाड्याने नेलेल्या दोन स्लीपिंग बॅगा पिशवीतच राहिल्या, तो खर्च आणि ते ओझे वाया गेले. जेवणात नाचणीच्या भाकरी, हुलग्यांचे पिठले, वालाची उसळ, ठेचा आणि भात होता. मावशी चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या आणि तव्यावरून काढलेली भाकरी निखाऱ्यांच्या कडेला उभी करून फुगवत होत्या. बहिणीने एक थापून पाहिली, ती परातीतच चिरली. नाचणीचे पीठ उकळत्या पाण्यात आधी उकड काढल्यासारखे मळावे लागते, हे मावशींनी तिला तिथेच शिकवले. भात काळभाताचा होता. त्याचा वास ताट येण्याआधीच पडवीत आला. देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० साली ज्यांना पद्मश्री जाहीर झाली त्या राहीबाई पोपेरे याच अकोले तालुक्यातल्या. त्यांचे नाव काढताच मावशींनी आतून आपले वालाचे बियाणे आणून दाखवले, राखेत घोळवून मडक्यात ठेवलेले. हा पाऊण तास कोणत्याही सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत बसला नसता.

उणिवाही आहेत आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. शौचालय एकच आहे, अंगणाच्या पलीकडे आहे आणि तिथे दिवा नाही, त्यामुळे रात्री विजेरी घेऊन जावे लागते. वयस्कर व्यक्ती बरोबर असेल तर हे त्रासाचे ठरेल. मोबाइलला रेंज जेमतेम मिळत होती आणि ऑनलाइन पैसे काही केल्या जाईनात, म्हणून रोख रक्कम पुरेशी न्यावी. शिवाय दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघायचे ठरले असताना दादा सव्वासहाला आले, कारण गोठ्यातली गाय अडली होती. कारण रास्त होते, पण गड चढण्याचा गारव्याचा वेळ तेवढा हुकला आणि शेवटच्या चढाला ऊन लागले.

रविवारचा बेत मात्र या सहलीतला सर्वांत सरस भाग ठरला आणि तो स्वतंत्र जाण्यामुळेच जमला. ज्यांची गाडी साम्रदला उभी असते त्यांना फिरून साम्रदलाच यावे लागते. आमची गाडीच नव्हती, त्यामुळे आम्ही साम्रदहून रतनगड चढलो आणि पलीकडे रतनवाडीत उतरलो. साम्रदची वाट दाट झाडीतून जाते. रतनगडच्या खुट्याचा सुळका सतत समोर ठेवत ती वर येते आणि कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी त्र्यंबक दरवाजातून गडावर शिरते. फाटे अनेक आहेत आणि झाडीत खुणा दिसत नाहीत, म्हणून वाटाड्याशिवाय या बाजूने जाऊ नये. गडाची उंची १२९७ मीटर. माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला पडलेल्या आरपार भोकात, आम्ही चांगला तासभर बसलो. एका बाजूला भंडारदऱ्याचे पाणी आणि कळसूबाई, दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. वारा इतका जोरात होता की बोलणे ऐकू येत नव्हते आणि बोलावे असे कोणाला वाटतही नव्हते.

उतरताना लोखंडी शिड्यांवर गर्दी लागली, कारण रतनवाडीकडून रविवारचे गट चढत होते. तिथे अर्धा तास गेला. दोनच्या सुमारास खाली आलो आणि अमृतेश्वराच्या मंदिरापाशी दादांचा निरोप घेतला. काळ्या दगडातले ते कोरीवकाम आणि शेजारची पुष्करणी यांसाठी किमान एक तास राखून ठेवावा. आम्हाला घाई करावी लागली नाही, कारण परतीच्या जीपवाल्याला आम्ही साडेतीनची वेळ दिली होती. शेंडीपर्यंत त्याने सहाशे रुपये घेतले. साडेसातला आम्ही नाशिकमध्ये घरी होतो.

आता हिशेब. राहणे आणि जेवण २८०० रुपये, शनिवारचे दुपारचे जेवण ६००, दादांची मजुरी १५००, ठरवलेल्या दोन जीप १५००, एसटी आणि घोटी-शेंडीची जीप जाऊन-येऊन चौघांचे ९००, प्रवेशशुल्क आणि किरकोळ ३००. एकूण ७६०० रुपये, म्हणजे माणशी १९००. त्याच आठवड्यात दोन दिवसांच्या गटसहलीसाठी आम्हाला माणशी २४०० रुपये सांगितले होते. वाचले ते माणशी पाचशेच, आणि तेही चौघे होतो म्हणून. वाटाड्या आणि ठरवलेल्या जीपचे तीन हजार रुपये माणसे कितीही असली तरी तेवढेच राहतात. दोघेच गेलो असतो तर माणशी २६५० पडले असते आणि गटसहल स्वस्त ठरली असती. एकट्याने जाणाऱ्याला तर हा मार्ग बराच महाग पडतो. स्वतंत्र सहल नेहमीच स्वस्त असते, हा समज मी तरी या हिशेबानंतर सोडून दिला आहे. मला त्यातली दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या ७६०० रुपयांपैकी ४९०० रुपये साम्रदच्या एकाच घरात गेले, मधे कोणी नव्हते.

चार ते सहा जणांच्या गटाला, चालण्याची सवय असलेल्यांना आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जाऊ शकणाऱ्यांना मी या घराची मनापासून शिफारस करते. मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहायला या भागात गर्दी लोटते, तेव्हा मुक्काम आयत्या वेळी मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. फोन किमान आठवडाभर आधी करावा आणि माणसांचा आकडा मग बदलू नये, कारण मावशी त्या हिशेबाने नाचणी दळायला टाकतात. आमच्याबरोबर पाचवी मैत्रीण येणार होती, ती ऐनवेळी आली नाही. मावशींनी तिच्या वाटणीचे पैसे घेतले नाहीत, पण तिच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या आणि त्या आम्ही नेढ्यात बसून ठेच्याबरोबर खाल्ल्या.