पाकिटातला ससा: मांस उत्तम, माहिती अपुरी

गोठवलेले सशाचे मांस बहुधा अखंडच विकले जाते. कातडे काढून साफ केलेला, यकृत आणि मूत्रपिंडे आतच ठेवलेला, हवाबंद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला साधारण सव्वा किलोचा ससा असे या मालाचे स्वरूप असते. या परीक्षणाचा विषय तसेच एक पाकीट आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे ज्या उणिवा मांडल्या आहेत त्यांतील बहुतेक एकट्या या ब्रँडच्या नसून या संपूर्ण मालाच्या आहेत. मांसाचे परीक्षण करताना चव, ताजेपणा आणि वेष्टन एवढ्यावर थांबण्याची रीत आहे. सशाच्या बाबतीत ती पुरत नाही, कारण हे पाकीट शीतकपाटात दिसताच ‘ज्या प्राण्याला लोक घरात नाव देऊन पाळतात त्याचे मांस दुकानात असावेच का’ हा प्रश्न काही ग्राहक उघडपणे विचारतात आणि बरेच जण मनातल्या मनात विचारून पुढे निघून जातात.

आधी मांसाविषयी. रंग फिकट गुलाबी आहे, वास जवळजवळ नाही, आणि चरबी म्हणावी तर मूत्रपिंडांभोवती असलेला पांढरा थर तेवढाच. शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने, साडेपाच ग्रॅमच्या आसपास चरबी आणि १३५ कॅलरींच्या जवळपास ऊर्जा असते; ब-१२ जीवनसत्त्वही भरपूर असते. आहारतज्ज्ञांना आवडावे असेच हे आकडे आहेत, पण स्वयंपाक करणाऱ्याची अडचणही त्यांतूनच निर्माण होते. चरबी इतकी कमी असलेले मांस थोडे जरी जास्त शिजले तरी कोरडे आणि चिवट होते. पाकिटावरील सूचना संपूर्ण ससा एकाच वेळी ओव्हनमध्ये ठेवण्यास सांगते, आणि हा सल्ला चुकीचा आहे. पाठीचे मांस नाजूक असल्याने ते लवकर शिजते, तर मागच्या मांड्यांना मंद आचेवर, झाकण ठेवून, भरपूर रसात बराच वेळ लागतो. त्यामुळे आधी तुकडे करून दोन्ही वेगवेगळे शिजवणे हाच खरा मार्ग आहे. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या शिफारशीनुसार आतील तापमान ७१ अंश सेल्सियसपर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून कोरडे पडण्याच्या भीतीने ते अर्धेकच्चे ठेवणेही योग्य नाही. बरगड्यांची हाडे बारीक आणि टोकदार असतात, हा इशारा पाकिटावर असायला हवा होता. चव कोंबडीच्या छातीच्या मांसाजवळ जाते, पण धागा अधिक घट्ट असतो आणि शेवटी किंचित गोडसरपणा जाणवतो. रानटी शिकारीचा उग्र स्वाद अपेक्षित असेल तर निराशा होईल, कारण असा ससा बहुधा जेमतेम दहा ते बारा आठवड्यांचा, पैदास केंद्रात वाढलेला प्राणी असतो.

नीट शिजवलेले मांस चांगले लागते, याबद्दल माझे दुमत नाही. माझी तक्रार पाकिटाच्या मागच्या बाजूविषयी आहे.

तिथे वजन, साठवणुकीचे तापमान, मुदत, मूळ देश आणि तपासणीचा शिक्का हे सर्व आहे. पुढच्या बाजूला एक हिरवी डहाळी छापलेली आहे. कोंबडीच्या पाकिटावर कोंबडा आणि दुधाच्या पाकिटावर गाय छापताना कोणालाच संकोच वाटत नाही, पण सशाच्या पाकिटावर ससा कुठेही नाही. विक्रेत्याला आपल्या ग्राहकाचे मन किती अचूक ठाऊक आहे हे त्या डहाळीवरून कळते. प्राणी पिंजऱ्यात वाढला की जमिनीवर, त्याचे वय काय होते, मारण्यापूर्वी त्याला बेशुद्ध केले होते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पाकिटावर नाही.

हे प्रश्न हौसेचे नाहीत. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या सशाच्या वाट्याला जुन्या पद्धतीच्या तारेच्या पिंजऱ्यात साधारण ए-४ कागदाएवढी जागा येते आणि पिंजऱ्याची उंची बहुधा ३० ते ३५ सेंटिमीटर असते, म्हणजे वाढलेल्या सशाला मागच्या पायांवर कान ताठ ठेवून उभे राहता येत नाही. उड्या मारत चालणे हीच ज्याची चाल आहे, त्याला सलग दोन-तीन उड्याही घेता येत नाहीत. तारेच्या तळाला कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. लेंड्या खाली पडून जातात आणि त्यांच्यामार्फत पसरणारा कॉक्सिडिओसिस हा आतड्यांचा रोग आटोक्यात राहतो. सशांना सरसकट जमिनीवर सोडले की तो पुन्हा डोके वर काढू शकतो. मात्र त्याच तारेने पायांच्या तळव्यांना जखमा होतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली पैदास केंद्रांतील सशांच्या स्थितीविषयी शास्त्रीय मत दिले, तेव्हा जुन्या पिंजऱ्यांतील मुख्य समस्या म्हणून हालचालींवरील निर्बंधांकडेच बोट दाखवले होते. ऑस्ट्रियाने मांसासाठीच्या सशांचे पिंजरे २०१२ पासून बंद केले. पशुपालनातील पिंजरे हटवावेत या मागणीसाठी युरोपीय संघात सुमारे १४ लाख सह्या गोळा झाल्या. युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये ती मागणी तत्त्वतः मान्य करून २०२३ अखेरपर्यंत कायद्याचा प्रस्ताव आणण्याचे आश्वासन दिले, आणि ती मुदत प्रस्तावाविना उलटून गेली. अंडी देणाऱ्या कोंबड्या, डुकरे आणि वासरे यांच्यासाठी संघात स्वतंत्र किमान निकष आहेत. सशांसाठी तसे निकष नाहीत.

तपासणीच्या शिक्क्याचा अर्थही देशागणिक बदलतो. युरोपीय संघातील कत्तलखान्यांत प्राण्याला आधी बेशुद्ध करण्याचा सर्वसाधारण नियम सशांनाही लागू आहे. अमेरिकेत मात्र १९५८ चा मानवी कत्तलीविषयीचा कायदा गायी, डुकरे, मेंढ्या यांसारख्या प्राण्यांपुरता आहे. कोंबड्यांप्रमाणेच ससेही त्याच्या बाहेर राहिले आहेत. तिथे सशाच्या मांसाची केंद्रीय तपासणी ऐच्छिक आहे आणि तिचे शुल्क उत्पादकाने भरायचे असते. म्हणून ‘तपासलेले’ हा शब्द वाचून ग्राहकाच्या मनात जे चित्र उभे राहते, ते प्रत्येक वेळी खरे असेलच असे नाही.

आता मूळ वादाकडे वळू. ससा हा पाळीव प्राणी आहे म्हणून त्याचे मांस विकू नये, असे एक बाजू म्हणते. ससा मुळात मांसासाठीच माणसाळवला गेला, घरात लाड करून पाळण्याची पद्धत प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकापासून रुळली, मग नंतर आलेल्याने आधीच्याला हद्दपार का करावे, असे दुसरी बाजू विचारते. इतिहास दुसऱ्या बाजूला आहे, पण इतिहासाने निकाल लागत नाही. ‘न्यूझीलंड व्हाइट’ ही अमेरिकेत तयार झालेली पांढरी, लाल डोळ्यांची जात मांसाच्या केंद्रांत वाढवली जाते, प्रयोगशाळांत वापरली जाते आणि बैठकीच्या खोलीतही बागडते. तिन्ही ठिकाणचा प्राणी एकच, वागणूक तेवढी तीन प्रकारची.

पाळणाऱ्यांचा युक्तिवाद ‘हा आमचा लाडका आहे’ एवढ्यावर थांबतो तेव्हा तो मला पटत नाही. लाड हाच संरक्षणाचा आधार मानला तर ज्या प्राण्याला चाहते नाहीत त्याने कुठे जावे? डुक्करही घरात पाळता येते, कोंबडीही हाकेला ओ देते. परंतु याच लोकांकडे दुसरे काहीतरी आहे, ज्याकडे विक्रेते सोयीस्करपणे दुर्लक्ष करतात, आणि ते म्हणजे माहिती. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. दुखणे लपवणे त्याच्या स्वभावात आहे आणि तो सहसा आवाज करत नाही. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षे राहिलेल्या माणसाला आनंदात हवेत गिरकी घेऊन मारलेली उडी, समाधानाने दातांची केलेली हलकी कुरकुर आणि वेदनेने केलेली मोठी करकर, धोक्याच्या वेळी मागच्या पायाने जमिनीवर दिलेला ठोका हे सारे वेगळे ओळखता येते. सशाच्या चेहऱ्यावरून, म्हणजे डोळ्यांचे आकसणे, गालांचा चपटेपणा, नाकपुड्यांचा आकार आणि कान-मिशांची ठेवण यांवरून, वेदना मोजण्याची पट्टी २०१२ साली संशोधकांनी प्रसिद्ध केली. घरोघरच्या लोकांना जे ढोबळमानाने उमगत होते त्याच्या जवळ जाणारेच हे शास्त्र आहे. त्यामुळे पाळणाऱ्यांचे म्हणणे भावुकता म्हणून बाजूला सारणे म्हणजे साक्षीदाराला नातेवाईक ठरवून त्याची साक्ष फेटाळण्यासारखे आहे. पिंजऱ्याच्या उंचीविषयी त्यांचे मत विचारात घेतले पाहिजे, कारण ससा उभा राहिल्यावर किती उंच होतो हे त्यांनी रोज पाहिलेले असते.

विक्रेत्यांचा ‘ज्याला नको त्याने घेऊ नये’ हा युक्तिवादही वाटतो तितका भक्कम नाही. निवडीचे स्वातंत्र्य सांगायचे आणि निवड करण्यासाठी लागणारी माहिती मात्र छापायची नाही, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

इतर प्राण्यांच्या बाबतीत ही रेघ कुठे ओढली गेली हे पाहिले की तिचा चंचलपणा लक्षात येतो. दक्षिण कोरियाने मांसासाठी कुत्र्यांची पैदास, कत्तल आणि विक्री यांवर बंदी घालणारा कायदा जानेवारी २०२४ मध्ये संमत केला आणि व्यावसायिकांना व्यवसाय बदलण्यासाठी २०२७ पर्यंत मुदत दिली. तैवानने २०१७ मध्ये कुत्र्या-मांजरांचे मांस खाण्यावरच बंदी घातली. अमेरिकेने २०१८ मध्ये खाण्यासाठी त्यांची कत्तल आणि व्यापार बेकायदा ठरवला. घोड्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०१३ मध्ये युरोपात गोमांस म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत घोड्याचे मांस आढळले, आणि एका बर्गरच्या तपासणीत तर गोमांसाच्या तुलनेत घोड्याच्या मांसाचे प्रमाण २९ टक्के निघाले. युरोपातील काही देशांत घोड्याचे मांस उघडपणे आणि कायदेशीररीत्या विकले जाते. तरीही गदारोळ झाला, कारण लेबल खोटे होते. सशाच्या पाकिटावर खोटे काही लिहिलेले नाही. तिथे लिहिलेलेच फार थोडे आहे.

अमेरिकेतील ‘होल फूड्स’ या दुकानसाखळीने २०१४ साली काही निवडक दुकानांत सशाचे मांस विकण्याचा प्रयोग केला. सशांसाठी स्वतंत्र निकष लिहून, त्यांना गटाने ठेवण्याची, लपण्यासाठी आडोशाची आणि कुरतडण्यासाठी वस्तूंची अट घालून तो माल आणला होता. ‘हाउस रॅबिट सोसायटी’ या सशांच्या संगोपनाविषयी काम करणाऱ्या संस्थेने देशभर निदर्शने केली, आणि पुढच्या वर्षी प्रयोग थांबला. निदर्शकांनी आपले म्हणणे यशस्वीपणे मांडले, हे खरे. पण निकष जाहीर करणाऱ्याच्या दुकानातून माल हटला आणि निकष न सांगणाऱ्यांच्या शीतकपाटांना धक्का लागला नाही, ही या यशाची दुसरी बाजू आहे आणि ती मला अस्वस्थ करते. ज्याने लिहून दिले त्यालाच जाब विचारता येतो. ज्याने काहीच लिहिले नाही त्याला पकडायचे कुठे?

जाता जाता आणखी एक विसंगती. मांजर-कुत्र्यांच्या ॲलर्जीवर उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यात सशाचे मांस सर्रास असते, कारण त्या प्राण्यांनी ते पूर्वी खाल्लेले नसण्याची शक्यता जास्त असते. एका पाळीव प्राण्यासाठी दुसऱ्याचे मांस विकणाऱ्या त्या फळीपुढे निदर्शने झाल्याचे मी ऐकलेले नाही.

पाकिटावर दिलेल्या पत्त्यावर मी विचारणा केली. शीतसाखळी, आरोग्य प्रमाणपत्रे आणि मुदतीविषयी तत्परतेने आणि तपशीलवार उत्तर आले. पिंजरे आणि बेशुद्ध करण्याची पद्धत याविषयी विचारल्यावर ‘लागू असलेल्या सर्व नियमांचे पालन केले जाते’ एवढेच एक वाक्य मिळाले. जिथे सशांसाठी वेगळा नियमच नाही तिथे त्याचे पालन करणे अवघड नसावे.

म्हणून मांसाला पाचपैकी चार गुण, वेष्टनाला तीन, शिजवण्याच्या सूचनेला एक, आणि माहितीला शून्य. ज्यांना कमी चरबीचे मांस हवे आहे आणि मंद आचेवर शिजवण्याचा संयम आहे, त्यांच्या स्वयंपाकघरात हा माल नक्की टिकेल. पैदास केंद्र पिंजऱ्याचे की जमिनीवरचे, तळ कसला, कत्तलीच्या वेळचे वय किती आणि बेशुद्ध करण्याची पद्धत कोणती, एवढे चार ओळींत छापणारा उत्पादक मिळेपर्यंत मी स्वतः हे पाकीट पुन्हा घेणार नाही. ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांना तसे पाकीट मिळाल्यावरही मी त्याची शिफारस करणार नाही.