बॅच फायलींवर स्क्रिप्ट चालवताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

विंडोज ११ वर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या माझ्या काही स्क्रिप्ट, पॉवरशेल या विंडोजच्या स्क्रिप्ट-भाषेतली एक आणि रात्रीचा बॅकअप, एवढा संसार बॅच फायलींवर, म्हणजे कमांड ओळीने लिहून ठेवलेल्या साध्या मजकूर फायलींवर, चालतो. गेले काही महिने रोज चालतोय. माझं मत एव्हाना पक्कं झालंय : बॅच फाइल दार उघडायला उत्तम आहे, घर चालवायला नाही. योग्य फोल्डरमध्ये जाणं, खरी स्क्रिप्ट सुरू करणं, लॉग (काय घडलं त्याची नोंद) लिहिणं आणि निकालाचा कोड पुढे देणं, एवढं तिच्याकडून घ्यावं. यापलीकडचं काम पायथनला किंवा पॉवरशेलला द्यावं. (खाली कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

पहिला त्रास बहुतेकांना होतो तो फोल्डरचा. डबल क्लिक केलं की सगळं चालतं, टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी विंडोजची सोय) मात्र 'फाइल सापडली नाही'. कारण साधं आहे. शेड्युलरमधला 'स्टार्ट इन'चा रकाना रिकामा असेल तर काम सिस्टम३२ या फोल्डरमध्ये सुरू होतं आणि स्क्रिप्ट आपली फाइल तिथे शोधत बसते. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं तरी हेच. त्या रकान्यात पाथ (फोल्डरचा पूर्ण पत्ता) भरता येतो, पण त्याला कोट घालायचे नाहीत. मी तो रकाना सोडून देतो आणि फाइलच्या दुसऱ्याच ओळीत 'सीडी /डी "%~डीपी०"' लिहितो, म्हणजे बॅच फाइल जिथे आहे तिथेच काम सुरू होतं. '/डी' नसेल तर ड्राइव्ह बदलत नाही. एक खोच आहे : या पाथच्या शेवटी उलटा स्लॅश असतो. तो कोटात घालून रोबोकॉपीला (विंडोजची फायली कॉपी करणारी कमांड) दिला की शेवटचा स्लॅश आणि कोट मिळून पुढचा सगळा मजकूर गिळतात. पाथच्या शेवटी एक टिंब जोडलं की प्रश्न मिटतो.

जुन्या कन्सोलच्या काळ्या खिडकीत (विंडोज टर्मिनलमध्ये नव्हे) माउसने चुकून क्लिक झालं तर स्क्रिप्ट थांबते, हे फार जणांना माहीत नसतं. 'क्विक एडिट' चालू असताना क्लिक म्हणजे मजकूर निवडणं, आणि निवड सुटेपर्यंत खिडकी नवं काही छापू देत नाही. छापायला गेलेली स्क्रिप्ट तिथेच अडकते. एरर नाही, काही नाही. एस्केप दाबलं की जणू काही झालंच नव्हतं अशी पुढे चालू. तासन् तास चालणाऱ्या कामासाठी खिडकीच्या प्रॉपर्टीजमधून ही सोय बंदच करावी.

लॉगचा विषय मोठा आहे. प्रत्येक कमांडपुढे '>> लॉग.टीएक्सटी २>&१' हवंच, नाहीतर एरर खिडकीबरोबर नाहीशी होते. पण पायथनचं आउटपुट फाइलकडे वळवलं की दोन गोष्टी बदलतात. एक, ते साठवून एकदम लिहिलं जातं, त्यामुळे काम चालू असताना लॉग कोराच दिसतो. त्यावर 'पायथन -यू' हा उपाय. दुसरी गोष्ट आपल्याला जास्त नडते. खिडकीत देवनागरी नीट छापणारी स्क्रिप्ट लॉगमध्ये लिहिताना एन्कोडिंगच्या (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीच्या) एररने कोसळते, कारण फाइलकडे वळवलेल्या आउटपुटसाठी पायथन विंडोजचं जुनं कोडपेज (अक्षरांचा मर्यादित तक्ता) धरतं. बॅच फाइलमध्ये आधी 'सेट पायथनयूटीएफ८=१' अशी ओळ घातली की हा ताप जातो.

एन्कोडिंगवरून आठवलं. बॅच फाइल यूटीएफ-८ (सगळ्या लिपी मावणारं एन्कोडिंग) मध्ये, पण बॉमशिवाय (फाइलच्या सुरुवातीची, एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) सेव्ह करायची. बॉम असला तर पहिल्याच ओळीवर विचित्र चिन्हं आणि 'अशी कमांड नाही'. आणि फायलीत देवनागरी पाथ असेल तर त्याच्या आधी 'सीएचसीपी ६५००१' ही यूटीएफ-८ चालू करणारी ओळ. पॉवरशेल ५.१ चं बरोबर उलटं : बॉम नसेल तर ते स्क्रिप्टमधली देवनागरी जुन्या कोडपेजमध्ये वाचतं आणि कचरा करतं. एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी असलेल्या दोन फायली, दोघींचे हट्ट विरुद्ध. पॉवरशेल ७ ला हे सांगावं लागत नाही, पण विंडोजबरोबर येतं ते ५.१ च.

एक्झिट कोडचं (काम संपताना मिळणारा निकालाचा आकडा, एरवी शून्य म्हणजे ठीक) तंत्र समजल्याखेरीज टास्क शेड्युलरच्या 'लास्ट रन रिझल्ट'वर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. स्क्रिप्ट संपल्या क्षणी एररलेव्हल (बॅचमध्ये तोच कोड इथे मिळतो) एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची, मग लॉगची ओळ लिहायची, शेवटी 'एक्झिट /बी' करून तोच कोड द्यायचा. रोबोकॉपी इथे गंडवते. तिचा १ म्हणजे 'फायली कॉपी झाल्या', चूक नव्हे. अपयश ८ पासून पुढे. त्यामुळे शून्य नाही म्हणून घाबरायचं नाही, 'इफ एररलेव्हल ८' असं तपासायचं. त्याचा अर्थ '८ किंवा जास्त' असाच होतो. शिवाय उघडी असलेली फाइल सापडली तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून! '/आर:२ /डब्ल्यू:५' दिल्याशिवाय तिला रात्री एकटी सोडू नये. पॉवरशेलच्या स्क्रिप्टमध्येही किरकोळ एरर आली तरी कोड शून्यच मिळतो, म्हणून सुरुवातीलाच एरर अ‍ॅक्शन प्रेफरन्स 'स्टॉप' करावा.

'कॉल' ही कमांड विसरू नका. एका बॅच फाइलमधून दुसरी नुसत्या नावाने बोलावली तर नियंत्रण परत येत नाही, पुढच्या ओळी चालतच नाहीत. एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारी कमांड) हीसुद्धा विंडोजवर एक सीएमडी, म्हणजे बॅच फाइलच आहे, म्हणून 'कॉल'शिवाय नुसतं 'एनपीएम' लिहिलं की पुढचं सगळं गायब.

आता जे बॅचमधून मी काढून टाकलं. कंसातल्या ब्लॉकमध्ये व्हेरिएबल बदलून तिथेच वाचलं तर जुनी किंमत मिळते, कारण पूर्ण ब्लॉक एकदमच वाचला जातो. डिलेड एक्स्पान्शन (किंमत ओळ चालताना वाचण्याची सोय) चालू करून टक्क्यांऐवजी उद्गारचिन्हं वापरली की ते जमतं, पण मग फाइलच्या नावात उद्गारचिन्ह आलं की ते खाल्लं जातं. तारखेचंही तसंच : '%डेट%' कसं दिसेल ते त्या संगणकाच्या रीजन सेटिंगवर. जुने लोक यासाठी डब्ल्यूएमआयसी (संगणकाची माहिती विचारायचं विंडोजचं जुनं साधन) वापरायचे, ते विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत मुळात बसवलेलं नसतं. तारखेसाठी पॉवरशेलची 'गेट-डेट' वापरतो, आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणं) लागणारं सगळं पायथनमध्ये नेलंय. बॅच फाइल आखूड झाली की तिच्यात बिघडायलाही फारसं काही उरत नाही.

शेड्युलरमध्ये दोन खुणा पाहून घ्या. लॅपटॉप चार्जिंगला नसेल तर काम सुरूच करू नये, अशी खूण मुळात केलेली असते. आणि लॉगइन नसतानाही काम चालवायचं असेल तर नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर दिसत नाही, पूर्ण नेटवर्क पाथ द्यावा लागतो. त्या पाथवर 'सीडी' चालत नाही, 'पुशडी' चालतं. अशा कामात 'पॉज' तर मुळीच ठेवू नका, कळ दाबायला तिथे कुणी नसतं.

काम आधीच चालू असेल तर शेड्युलर मुळात दुसरं सुरू करत नाही. पण कुणी मधेच फाइलवर डबल क्लिक केलं तर शेड्युलरला पत्ताच लागत नाही, आणि दोन बॅकअप एकाच फोल्डरवर तुटून पडतात. म्हणून हाताने चालवायची वेळ आली तरी आता 'एससीएचटास्क्स /रन'चा (शेड्युलरमार्फतच काम सुरू करणारी कमांड) शॉर्टकट वापरतो, मूळ फाइलला हात लावत नाही.