फिकट बटू दीर्घिका शोधायला काय बरं: आयसोक्रोन फिल्टर की लाइकलीहूड?

आपल्या आकाशगंगेभोवतीच्या या छोट्या, अगदी मंद दीर्घिका फोटोत दिसतच नाहीत, दिसतात ते मोजके जास्तीचे तारे, तेही आपल्याच आकाशगंगेच्या गर्दीत मिसळलेले. फिल्टरवाले काय करतात, तर एक अंतर धरायचं, तिथले म्हातारे, धातू कमी असलेले तारे रंग-तेजाच्या आलेखात ज्या रेषेवर (हीच आयसोक्रोन, एकाच वयाच्या ताऱ्यांची रेषा) पडतील तिच्या आसपासचे तेवढे ठेवायचे, बाकी फेकायचे, मग नकाशा स्मूद करून गठ्ठा कुठे दिसतो ते बघायचं, आणि अंतर बदलून परत तेच. फास्ट आहे, आकाशाचा अख्खा सर्व्हे चाळून होतो. पण तारा एकतर आत नाहीतर बाहेर, मधलं काही नाही.

लाइकलीहूडमध्ये, म्हणजे मॉडेल दिसलेल्या ताऱ्यांशी किती जुळतं ते मोजण्याच्या पद्धतीत, जागा, रंग, तेज सगळं एकाच मॉडेलमध्ये येतं आणि प्रत्येक ताऱ्याला त्या दीर्घिकेचा मेंबर असण्याची प्रॉबॅबिलिटी मिळते, हे मला जाम आवडतं, कारण पुढे स्पेक्ट्रोस्कोपीला (ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून तपासायला) कुठले तारे घ्यायचे ते त्यावरून ठरवता येतं. कॉम्प्युटरचा मात्र घाम निघतो. डार्क एनर्जी सर्व्हे या आकाश-पाहणीच्या टीमने २०१५ मध्ये दोन्ही प्रकार वापरले होते, मीही तेच म्हणेन, पहिल्याने चाळा, दुसऱ्याने तपासा. बाकी लांबच्या दीर्घिका तारे म्हणून यादीत घुसल्या की दोन्ही पद्धती गंडतात, मग डीप इमेजिंगच, म्हणजे आणखी मंद तारे टिपणारे फोटो काढणंच, लागतं.