घराला बाहेरून काय लावायचं: चुना, सिमेंट पेंट की इमल्शन?

घर बाहेरून रंगवायचं म्हटलं की दुकानदार आधी बजेट विचारतो. ज्याला माती-पाण्याची काळजी आहे, त्यानं मात्र आधी भिंत पाहावी. ती मातीची आहे, दगड-चुन्याची आहे की विटा-सिमेंटची, आणि तिच्यावर आज कोणता रंग बसलेला आहे? डब्यावर हिरवं पान छापलंय यावरून निसर्गावरचा भार कळत नाही. रंग किती वर्षं टिकतो आणि पुढच्या वेळी किती खरवडावं लागतं, यावरून तो कळतो. दोन पावसाळ्यांत पोपडे धरणारा ‘इको’ रंग म्हणजे पुन्हा घासकाम, पुन्हा डबे आणि पुन्हा ब्रश धुतलेलं पाणी नालीत.

आपल्याकडं गावोगावी एकाच घराला दोन जातीच्या भिंती असतात. पुढं स्लॅबच्या खोल्या, मागं पांढऱ्या मातीचं माळवद. पेंटर दोन्हीकडं एकच रंग मारून मोकळा होतो आणि तिथंच नुकसान सुरू होतं.

मागच्या, मातीच्या किंवा दगड-चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा, यात मला शंका नाही. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडून देते. चुना ती वाट बंद करत नाही. इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिक रंगाचा, थर मात्र ओल बऱ्याच अंशी आत कोंडतो. मग खालच्या दोन-तीन फुटांत खार फुटतो आणि रंग सुटताना मातीचा पापुद्राही सोबत घेऊन येतो. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशांना भाजली जाते, तेव्हा तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. भिंतीवरचा चुना वाळत-मुरत असताना तोच वायू हवेतून परत घेतो. भट्टीच्या जळणाचा धूर काही परत येत नाही, त्यामुळं चुना निर्दोष म्हणता येणार नाही. पण त्यात प्लास्टिक नाही, रंग पातळ करणारं सॉल्व्हंट नाही, आणि पुढच्या वेळी खरवडायची गरज जवळजवळ नसते. सुटलेली धूळ झाडायची, भिंत ओली करायची आणि नवा हात मारायचा.

चुना टेकलेल्या खांद्याला लागतो, जोराच्या पावसात उतरतो, वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. डिंक घातला तर जरा जास्त धरतो. कळीचा चुना भिजवताना पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. भांडं लोखंडी हवं. भिजताना चुना उकळतो, प्लास्टिकची बादली त्या उष्णतेनं वितळू शकते. डोळ्यांना चष्मा हवाच. रंगाऱ्याजवळ नसेल तर आपण आणून द्यावा, चुन्यानं डोळा कायमचा जाऊ शकतो.

पुढच्या सिमेंट प्लास्टरच्या भिंतीचं गणित वेगळं आहे. त्यावर आधीच इमल्शन असेल तर चुना धरणारच नाही, खपल्या पडतील. आणि चुना बसावा म्हणून चांगला धरलेला प्लास्टिक रंग खरवडून काढायचा, तर तो सगळा चुरा अंगणातल्या मातीत जातो. अशा भिंतीला पुन्हा चांगल्या प्रतीचं, पाण्यात मिसळणारं, कमी व्हीओसीचं (रंगातून हवेत उडणारी रसायनं कमी असलेलं) इमल्शनच द्यावं. ते पेट्रोलियमपासून बनतं, त्यातल्या पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडला भरपूर ऊर्जा लागते, आणि जुनं होताना त्याचे बारीक कण झडतात. तरी नीट तयारी केलेल्या भिंतीवर ते पाच-सात वर्षं राहतं, आणि त्या काळात दुसरा डबा फोडावा लागत नाही. सगळं घर रंगवायचीही गरज नसते. पश्चिमेची, पावसाचा मारा खाणारी भिंत आधी खराब होते. बाकीच्या नुसत्या धुऊन पाहा. अनेकदा एवढं पुरतं.

सिमेंट पेंट, ज्याला आपण स्नोसेम म्हणतो, तो या दोघांच्या मधला. त्यात प्लास्टिक जवळजवळ नाही, पण त्यातल्या पांढऱ्या सिमेंटची भट्टी चुन्याच्या भट्टीपेक्षा कितीतरी जास्त तापवावी लागते. कोऱ्या, खडबडीत प्लास्टरवर तो छान बसतो. मात्र त्याआधी भिंत ओली करावी लागते आणि नंतरही काही दिवस पाणी मारावं लागतं. मराठवाड्यात ही बाब किरकोळ नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या वर्षी दारात टँकर येतो, त्या वर्षी सिमेंट पेंटचं काम हाती घेऊच नये. चुन्यालाही भिजवायला आणि भिंत ओली करायला पाणी लागतं. साइटवर सगळ्यात कमी पाणी इमल्शनला लागतं, हे कबूल करायला हवं.

शेणापासूनच्या रंगाबद्दल बरेच जण विचारतात. खादी ग्रामोद्योग आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये तो बाजारात आणला, डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन रूपांत. शेणाला भाव मिळतो, ही त्यातली मोलाची गोष्ट. पण बाहेरच्या भिंतीला डिस्टेंपर चालत नाही, इमल्शनच घ्यावं लागेल, आणि त्यात शेणासोबत रंग भिंतीला धरून ठेवणारा बाइंडरही असतो. मातीच्या भिंतीला तो चुन्याची जागा घेईल, असं मला वाटत नाही.

छटा फिकी घ्या. गडद रंग ऊन शोषतो, लवकर उडतो आणि मे महिन्यात आतला कूलर जास्त चालवायला लावतो. पैसे कमी असतील तर भिंतीआधी गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारा.

दारं-खिडक्या, ग्रिलचा ऑइल पेंट नव्यानं घेताना पाण्यावर चालणारं इनॅमल मागा. नव्या घरगुती रंगांत शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्षात ९० भाग अशी आहे, पण त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. ते जुने थर कोरडे घासू नका. ओलं करून घासा, खाली ताडपत्री अंथरा, लेकरं आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसरीकडं असू द्या.

वेळेचंही सांगतो. दिवाळीच्या गडबडीत परतीच्या पावसानं ओल्या झालेल्या भिंतींवर रंग चढतो आणि फुगतो. मार्गशीर्षापर्यंत थांबा. भिंती वाळलेल्या असतात, विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं आणि पेंटर सवडीनं काम करतो. रंग आणण्याआधी भिंती टेपनं मोजून घ्या. अंदाजानं आणलेला जादा डबा शेवटी सुकतो. आणि रिकाम्या डब्यात पिण्याचं पाणी कधीही भरू नका.