फुप्फुस पुनर्वसन विभाग, डेक्कन: काम उत्तम, बोलावणे मात्र कच्चे

पुण्याच्या डेक्कन परिसरातील एका खासगी रुग्णालयाच्या फुप्फुस पुनर्वसन विभागात, ज्याला तिथे सगळे ‘रिहॅब’ म्हणतात, माझ्या सासऱ्यांनी नुकताच देखरेखीखालच्या व्यायामाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम पूर्ण केला. अण्णांना तीव्र सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा आजार आहे. विभागाच्या कामाबद्दल मला काही म्हणायचे नाही; तक्रार आहे ती रुग्णाला तिथे ज्या पद्धतीने धाडले जाते तिच्याबद्दल. नाव नोंदवलेल्यांपैकी कितीतरी जण फिरकतच नाहीत, असे तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईच म्हणाल्या, आणि अण्णांनीही आधी साफ नकार दिला होता.

त्या नकाराला हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल. न्हाणीघरापर्यंत जाताना ज्याला मध्येच भिंतीला टेकावे लागते, त्याला व्यायामाला बोलावणे ही त्याला थट्टाच वाटते. दम लागला की थांबायचे, हे त्याला शरीराने शिकवलेले असते आणि ‘अण्णा, तुम्ही बसा, मी आणते’ म्हणणाऱ्या घरच्यांनीही. बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू झिजतात, झिजलेले स्नायू तेवढ्याच कामाला लवकर थकतात आणि श्वासाची मागणी वाढवतात, म्हणून दम आणखी लवकर लागतो. पुनर्वसन हे दुष्टचक्र पायांच्या बाजूने तोडते. फुप्फुसांची क्षमता त्याने वाढत नाही. आमच्या डॉक्टरांनी मात्र ‘फुप्फुसे आता सुधारणार नाहीत’ आणि ‘रिहॅबला जा’ ही दोन वाक्ये पाठोपाठ ऐकवली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. मधला दुवा कोणी सांगितलाच नाही, तर ‘मग जायचे कशाला?’ असे माणूस विचारणारच.

या प्रश्नाचे उत्तर अण्णांना चिठ्ठीतून नव्हे, सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीतून मिळाले. तीस मीटरच्या मोकळ्या मार्गिकेत दोन टोकांना केशरी शंकू ठेवलेले होते. बाईंनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, शून्य ते दहाचा तक्ता दाखवला आणि सांगितले, ‘काका, दम किती लागतोय ते या आकड्यांत सांगायचे. थांबलात, भिंतीला टेकलात तरी चालेल, घड्याळ तेवढे चालू राहील.’ अण्णा मध्येच थांबले, तक्त्यावरच्या सातवर बोट ठेवले, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडत राहिले आणि पुन्हा चालू लागले. लागलेला दम उतरतो, हे त्यांना लक्ष ठेवणारे माणूस शेजारी असताना पटले. घरी आम्ही कितीही समजावले असते तरी पटले नसते.

आता उणिवा. सगळ्या वेळा सकाळच्या, त्यामुळे सोबत येणाऱ्याची नोकरी अडते. ऑक्सिजनचा लहान सिलिंडर घेऊन रिक्षाने येणाऱ्याचा जीव कर्वे रस्त्यावरच्या कोंडीत टांगणीला लागतो, कारण सिलिंडर किती वेळ पुरेल याचा हिशोब सिग्नलला कळत नाही. दाखल व्हावे लागत नसल्याने आमच्या विमा पॉलिसीत हा खर्च बसला नाही.

संकोचाचा भाग कोणी उघड बोलत नाही. नाकात नळी घालून चारचौघांत बसणे अनेकांना नको वाटते. विडी-सिगारेट ओढलेल्यांना वाटते की आपण हे ओढवून घेतले, आता मदत कोणत्या तोंडाने मागायची. आमच्या गटात मुळशीकडच्या एक आजी होत्या. त्यांचा सगळा जन्म चुलीच्या धुरात गेलेला, तरी ‘किती वर्षे ओढत होता?’ हा प्रश्न त्यांनाही ऐकावा लागला होता. विभागात तसे कोणी विचारले नाही, हे मला तिथल्या यंत्रांपेक्षा मोलाचे वाटले.

ज्यांना येणे खरोखर जमत नाही, त्यांच्यासाठी फोनवरून देखरेख ठेवून घरी करून घेण्याचे कार्यक्रम असतात आणि संशोधकांनी केलेल्या चाचण्यांमध्ये त्यांचे परिणाम केंद्रातल्या कार्यक्रमांच्या जवळपास आढळले आहेत. या विभागाने ती सोय अजून सुरू केलेली नाही. केली तर गळती निम्म्याने नाही तरी बरीच थांबेल, असे माझे मत आहे.

अण्णांच्या फुप्फुसांचा अहवाल होता तसाच आहे, पण आता ते स्वतः उठून पाणी घेतात आणि सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन येतात. घरातले कोणी नकार देत असेल, तर आधी नाव नोंदवू नका. विभागाला फोन करून सत्र चालू असताना नुसते पाहायला न्या. पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, उतार मागच्या बाजूला, वाहनतळाकडून आहे.